पापणीच्या मुळाशी साचणारा कोंडा आणि त्यातले सूक्ष्म कोळी: खानदेशातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसाला "डोळ्यांचा आणखी काही त्रास?" असं विचारलं की पहिलं उत्तर "काही नाही" असंच येतं. मग उठता उठता आठवतं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, कडेला खाज सुटते, दिवसभर खुपत राहतं. "डोयामा काहीतरी जायेल शे" हे वाक्य धुळ्याच्या बाजारपेठेपासून चोपड्याच्या शिवारापर्यंत सारखंच ऐकू येतं. ड्रॉप चालूच असतो. कधी शेजारच्या काकूंनी सांगितलेला, कधी मेडिकलवाल्याने "हा घालून बघा" म्हणून दिलेला.

यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यात काहीच गेलेलं नसतं. भानगड पापणीच्या कडेला असते, जिथून केस उगवतात तिथे. ती कड ना आपण आरशात नीट बघतो, ना गर्दीच्या ओपीडीत कुणी बघतं. डोळा उघडा ठेवून समोर बघितलं की केसांची मुळं झाकलेलीच राहतात. ती बघायची तर नजर खाली करावी लागते. या लेखातलं निम्मं शहाणपण एवढ्या एका हालचालीत आहे.

हे किडे म्हणजे नक्की काय

पापणीच्या कडेच्या या कोंड्यात जे सूक्ष्म कोळी राहतात, त्यांचं नाव डेमोडेक्स. कापसावर, वांग्यावर येणारा लाल कोळी शेतकऱ्याला माहीत असतो. डेमोडेक्स त्याच आठ पायांच्या मोठ्या कुळातला, पण पानांऐवजी माणसाच्या त्वचेवर राहणारा. १८४१-४२ च्या सुमारास जर्मन अभ्यासकांनी तो माणसाच्या त्वचेत पहिल्यांदा पाहिला. आपल्या पापण्यांत त्याच्या दोन जाती राहतात. फॉलिक्युलोरम ही लांबट जात केसाच्या मुळाच्या खळगीत डोकं खाली करून बसते. तिची लांबी साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर. ब्रेव्हिस ही आखूड जात तेलाच्या ग्रंथींमध्ये खोल शिरते. नुसत्या डोळ्यांनी यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे "मला किडा वळवळताना दिसला" असं कुणी म्हणालं तर तो डेमोडेक्स नसतो.

ते त्वचेचं तेल आणि पेशी खाऊन जगतात. उजेड त्यांना नकोसा, म्हणून रात्री बाहेर येतात, वीण करतात आणि परत खळगीत शिरतात. अंड्यापासून मरेपर्यंतचं आयुष्य साधारण दोन ते तीन आठवड्यांचं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपचार किती दिवस करायचा हे त्यावरच ठरतं.

आता घाबरण्याआधी एक गोष्ट. हे कोळी असणं म्हणजे आजार नव्हे. वय वाढेल तसे ते वाढत जातात आणि सत्तरीच्या पुढे ते जवळपास सगळ्यांच्याच अंगावर सापडतात. ज्याच्या पापणीत ते आहेत तो अस्वच्छ, असा अर्थ अजिबात काढू नका. सुनेने सासूला किंवा सासूने सुनेला यावरून बोल लावायचं काहीच कारण नाही. त्रास होतो तो त्यांची संख्या फार वाढली की. मग त्यांचं खरवडणं, त्यांचा मळ, मेलेली शरीरं आणि त्यांच्यासोबत आलेले जिवाणू यांनी पापणीची कड सुजते. त्या सुजेला डॉक्टर ब्लेफरायटिस म्हणतात.

अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टायटन' नावाच्या अभ्यासात डोळ्यांच्या नेहमीच्या दवाखान्यांत आलेल्या १,०३२ पेशंटांच्या पापण्या तपासल्या होत्या. त्यातल्या ५७.७ टक्के लोकांच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्सचा खास कोंडा (तो कसा दिसतो ते पुढे येईलच) सापडला. हे आकडे तिथले आहेत, जसेच्या तसे जळगावला लावता येणार नाहीत. मात्र ही माणसं कोंडा दाखवायला आलेली नव्हती. कुणी चष्म्यासाठी, कुणी मोतीबिंदूसाठी, कुणी काचबिंदूसाठी आलं होतं. आपल्याकडच्या ओपीडीतही अशीच माणसं येतात.

पहिली पायरी: घरच्या घरी बघणं

सकाळी तोंड धुण्याआधी, खिडकीजवळच्या उजेडात बसा. ज्याला बघायचंय त्याला मांडीवर ठेवलेल्या हाताच्या बोटांकडे बघायला सांगा. नजर खाली गेली की वरची पापणी खाली येते आणि केसांची मुळं समोर येतात. दुसऱ्या माणसाने भुवईखालची त्वचा हलकेच वर धरावी आणि मोबाईलने जवळून फोटो काढावा. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. मग फोटो मोठा करून बघा.

नुसता धूळकण असेल तर तो केसावर कुठेही, कसाही पडलेला असतो. डेमोडेक्सचा कोंडा मात्र थेट बुडाशी असतो. केस त्वचेतून बाहेर येतो त्या जागी मेणचट, अर्धपारदर्शक, गोल नळी केसाला चारी बाजूंनी वेढून बसलेली दिसते. केस वाढतो तसा तो ही नळी थोडी वर उचलतो, त्यामुळे कधी ती बुडापासून अर्धा मिलिमीटर वरही असते. एखाद-दुसऱ्या केसाला असं दिसलं तर काळजी नको. ओळीने पाच-दहा केसांना दिसलं आणि खाजही असेल, तर पुढचं वाचा.

दुसऱ्या प्रकारचे थरही असतात. डोक्यात कोंडा असणाऱ्यांच्या पापण्यांवर तेलकट, पिवळसर खवले विखुरलेले असतात. जिवाणूंमुळे होणाऱ्या सुजेत खपल्या कडक असतात, काढायला गेलं की खाली कच्ची त्वचा लागते, कधी रक्त येतं, केस गळतात. आणि केसाच्या बुडाऐवजी दांड्यावर मोत्यांसारखी चिकटलेली अंडी किंवा चक्क हलणारी ऊ दिसली तर तो निराळाच प्रकार आहे. मुलांच्या पापण्यांत असं दिसलं तर घरी ओढाताण न करता डॉक्टरांकडे न्या. एकाच माणसात दोन-तीन प्रकार एकत्र असणं हेही अगदी नेहमीचं.

खाज कुठे येते ते विचारा

आपल्याकडे डोळे लाल व्हायला कारणं काही कमी नाहीत. वैशाखातल्या भुसावळच्या झळा, जिनिंगमधला कापसाचा तंतू, मळणीचा भुसा, नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवरून येणारा वारा. यांतल्या कशानेही डोळा लाल होतो, पाणी येतं. पण पथारीवरून घरी आल्यावर तासाभरात जो डोळा निवळतो, त्याला मिरची झोंबली होती एवढंच. जो डोळा सुट्टीच्या दिवशीही सकाळी सकाळी खाजतो, त्याची पापणी बघायला हवी.

खाजेची जागाही काही सांगते. नाकाकडच्या कोपऱ्यात बोट घालून चोळावंसं वाटत असेल तर बहुधा अ‍ॅलर्जी. बोट आपोआप पापणीच्या कडेवरून, केसांच्या रेषेतून फिरत असेल तर संशय कडेच्या सुजेवर. हा नियम शंभर टक्के नाही, पण विचारायला काही लागत नाही.

याशिवाय हे तपासा: वारंवार रांजणवाडी होते का? एक बरी झाली की दुसरी, असं चाललंय का? पापणीचे केस वाकडे, तुटके, विरळ झालेत का? गालांवर आणि नाकावर कायमची लाली किंवा बारीक पुटकुळ्या आहेत का? तो रोझेशिया, म्हणजे चेहऱ्याला लाली आणणारा त्वचेचा आजार, असू शकतो, आणि सावळ्या रंगावर लाली पटकन कळत नाही. चेहऱ्याला "गोरं करणारं" म्हणून ट्यूबमधलं मलम बरेच महिने चोपडणं चालू आहे का? त्यात स्टिरॉइड असेल तर हे कोळी फोफावतात. हा शेवटचा प्रश्न लाजून कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून ट्यूबच मागवून बघावी.

दुसरी पायरी: तपासणारा काय करतो

हा भाग खास करून ऑप्टोमेट्रीच्या पोरांसाठी आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांसाठी. पेशंटने वाचला तरी चालेल. काय होणार हे ठाऊक असलं की माणूस स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) हनुवटी ठेवताना आखडत नाही.

नेहमीच्या तपासणीत कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा), लेन्स बघून झाली की "आता खाली बघा" एवढंच म्हणायचं. वरच्या पापणीची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायला दहा-पंधरा सेकंद लागतात. नळ्या दिसल्या तर मोजून लिहा. औषधांच्या चाचण्यांत वापरलेली मोजपट्टी सोपी आहे: वरच्या पापणीत दोन केसांपर्यंत असेल तर शून्य, तीन ते दहा केसांना असेल तर एक, दहाहून जास्त पण एक तृतीयांशापेक्षा कमी केसांना असेल तर दोन, एक ते दोन तृतीयांश केसांना तीन, त्यापुढे चार. कागदावर नुसतं "ब्लेफरायटिस" लिहिलं तर दीड महिन्याने सुधारलं की बिघडलं हे कळायला मार्ग राहत नाही.

त्यानंतर बोटाने किंवा कापसाच्या काडीने खालची पापणी हलकी दाबा आणि कडेच्या तेलग्रंथींतून काय येतं ते बघा. निरोगी तेल पातळ, पारदर्शक. गढूळ आलं, टूथपेस्टसारखं घट्ट आलं किंवा काहीच आलं नाही, तर ग्रंथी तुंबल्या आहेत आणि अश्रूंचा थर लवकर सुकत असणार. मग शेक जास्त महत्त्वाचा.

नळ्या असतील तर निदानासाठी केस उपटायची गरज सहसा नसते. ती नळी हीच डेमोडेक्सची खूण मानली जाते. शंका असेल तर बारीक चिमट्याने केस पकडून जागच्या जागी गोल फिरवला तर खळगीतून कोळ्यांच्या शेपट्या बाहेर येताना स्लिट लॅम्पखालीच दिसू शकतात. किंवा प्रत्येक पापणीतून दोन केस काढून काचपट्टीवर थेंबभर सलाईन टाकून मायक्रोस्कोपखाली ठेवावेत. पेशंटला एकदा ते दाखवलं की पुढचे सहा आठवडे पापण्या धुण्याची आठवण करून द्यावी लागत नाही. काही जणांची मात्र त्या रात्रीची झोप उडते, तेव्हा माणूस बघून दाखवा.

शिबिरात स्लिट लॅम्प नसेल तर डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपमध्ये जास्त प्लसची लेन्स लावून जवळून बघता येतं. तेही नसेल तर टॉर्च आणि भिंग.

तिसरी पायरी: शेक

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. टॉवेल गरम पाण्यात बुडवला, पिळला, डोळ्यांवर टाकला, दोन मिनिटांनी काढला. ओला कपडा मिनिट-दीड मिनिटात कोमट होतो, आणि ग्रंथींतलं घट्ट झालेलं तेल त्याने वितळत नाही. पापणीवर ४० अंश सेल्सियसच्या आसपासची ऊब पाच ते दहा मिनिटं टिकायला हवी.

घरात जमेल अशी रीत: थर्मासमध्ये गरम पाणी भरून जवळ घ्या. वाडग्यात ते ओतून साधं पाणी मिसळा. मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद गरम लागेल, चटका बसणार नाही एवढंच. जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या मऊ कापडाच्या दोन घड्या करा. एक डोळ्यांवर, दुसरी पाण्यात. पहिली निवली की बदला. वाडग्यातलं पाणी निवलं की थर्मासमधलं थोडं घाला. डोळे मिटलेले ठेवा आणि दाबू नका.

तव्यावर शेकलेलं फडकं किंवा मिठाची पुरचुंडी पापणीवर ठेवू नका. कोरडी ऊब कुठे किती आहे ते कळत नाही आणि पापणीची त्वचा अंगावरच्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी आहे. मे महिन्यात "आधीच ४५ अंश आहे, शेक कशाला" असं म्हणणारे भेटतात. हवेची उष्णता तेल वितळवत बसत नाही, उलट अश्रू सुकवते. पहाटे किंवा रात्री जेवणानंतर शेका, म्हणजे जिवावर येत नाही.

शेक झाल्याबरोबर, ग्रंथी गरम असतानाच, स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर अशी पाच-सहा वेळा हलकी चोळा. दिशा नेहमी केसांकडे. बुबुळावर दाब द्यायचा नाही. ज्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं किंवा काचबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही मालिश करू नये.

चौथी पायरी: कड धुणं

उपचाराचा कणा हा. बाकी सगळं याच्या जोडीला.

हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. पापण्या धुण्यासाठी मिळणारा फोम किंवा ओल्या पट्ट्या मोठ्या मेडिकलमध्ये असतात. फोम असेल तर बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढा घ्या. डोळा मिटा. बोट किंवा कापसाची चकती केसांच्या मुळाशी ठेवून आडवी, पुढे-मागे, अर्धा मिनिट फिरवा. लोक नेमके इथे चुकतात: पापणीच्या वरच्या त्वचेवर फेस लावतात आणि केसांच्या टोकांना पुसतात. घासायचं आहे ते बूड. दुसऱ्या डोळ्याला नवी चकती. मग गार पाण्याने धुवून स्वच्छ कपड्याने टिपा.

फोम परवडत नसेल तर उकळून गार केलेल्या अर्धा कप पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब, रोज ताजं पाणी करून. याने कोंडा आणि तेल निघतं, कोळी मरत नाहीत. शिवाय रोजच्या वापराने काहींची कड कोरडी पडते. तरी काहीच न करण्यापेक्षा बरं.

टी ट्री ऑइलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मोबाईलवरच्या व्हिडिओंनी त्याचं फार खूळ माजवलंय. त्यातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक डेमोडेक्स मारतो, हे खरं. म्हणून त्याचं ठरावीक प्रमाण घातलेल्या तयार पट्ट्या मिळतात, आणि डॉक्टरांनी सांगितल्या तर त्या वापराव्यात. बाटलीतलं नुसतं तेल मात्र डोळ्याजवळ नेऊ नका. खोबरेलात चार थेंब मिसळून "माइल्ड" केलेलंही नको. ते कॉर्निया भाजतं, त्वचा सोलते, आणि हाच घटक तेलग्रंथींच्या पेशींनाही अपाय करू शकतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. पट्टी वापरल्यावर थोडं थंड-झणझणीत लागणं ठीक. जळजळ दहा मिनिटांनीही जात नसेल तर धुवून टाका आणि बंद करा. लहान मुलांना हा प्रकार देऊच नका.

हे सगळं दिवसातून दोनदा, निदान सहा आठवडे. आज मोठे कोळी गेले तरी खळगीतली अंडी तशीच असतात. ती फुटून नवे मोठे होतात, त्यांना अंडी घालायच्या आत गाठायचं असतं. त्यांचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, म्हणून दोन फेऱ्या तरी पुऱ्या व्हायला हव्यात. दहा दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडणारा माणूस महिन्याने तिथेच परत येतो. पहिल्या आठवड्यात खाज थोडी वाढलेलीही वाटू शकते, तिला घाबरून थांबू नका. सहा आठवड्यांनंतर दिवसातून एकदा, चेहरा धुताना, कायमचं. दात घासतो तसं.

पाचवी पायरी: औषधं, आणि औषध म्हणून वापरू नये असं बरंच काही

डॉक्टर गरजेनुसार रात्री कडेला लावायचं अँटिबायोटिक मलम देतात, अ‍ॅझिथ्रोमायसिनचे ड्रॉप देतात, तेलग्रंथी फारच तुंबल्या असतील तर काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. डॉक्सिसायक्लिन चालू असताना ऊन जास्त बाधतं. केळीच्या बागेत किंवा कापूस वेचणीला दिवसभर राहणाऱ्याने टोपी, रुमाल, पूर्ण बाह्या सांभाळाव्यात. गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका जळते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती सहसा देत नाहीत, तेव्हा दिवस गेल्याची शंका असली तरी डॉक्टरांना आधी सांगा.

खास डेमोडेक्ससाठी म्हणून अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये लोटिलॅनर ०.२५ टक्के या ड्रॉपला मान्यता मिळाली. दिवसातून दोनदा, सहा आठवडे. त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत अनुक्रमे ४४ आणि ५६ टक्के लोकांचा कोंडा जवळपास नाहीसा झाला. औषध नसलेला नुसता ड्रॉप घालणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे ७ आणि १३ टक्के होतं. फरक मोठा आहे. तरी उरलेल्या निम्म्या लोकांकडे बघितलं की धुणं का सोडायचं नाही ते कळतं. परदेशातून कुणाकरवी बाटली मागवण्याच्या भानगडीत पडू नका; आपल्या डॉक्टरांना विचारा.

चिवट आजारात डॉक्टर कधी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनावर हिशोब करून, आठवड्याच्या अंतराने देतात. हे नाव गुरं पाळणाऱ्या घरांत ओळखीचं, आणि धोका तिथेच. गोठ्यातल्या इंजेक्शनचा थेंब माणसाच्या डोळ्यात किंवा पोटात जाता कामा नये. कुत्र्याच्या गोचिडीच्या गोळ्यांचंही तेच. "कोळी आहे ना, मग कोळीनाशक" असा विचार करून शेतातलं औषध, रॉकेल किंवा निंबोळी तेल पापणीला लावणं म्हणजे नजर पणाला लावणं आहे. मध, गुलाबपाणी, तूप, आईचं दूध हेही डोळ्यात नको.

आता सगळ्यात मोठा राग येतो त्या गोष्टीकडे. लाल डोळ्यावर मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळणारे बरेच ड्रॉप अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले असतात. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून माणूस खूश, दुकानदार खूश. बाटली संपली की लाली परत, मग दुसरी बाटली. कोळी तिथेच असतात. वर डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदूने नजरेचं वर्तुळ गुपचूप आक्रसत जातं, मोतीबिंदू लवकर पिकतो. डॉक्टर स्टिरॉइड देतातही, पण थोडे दिवस, कमी करत आणि दाब मोजत. तुमच्या बाटलीवर डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं नाव असेल आणि ती कुणी तपासून दिलेली नसेल, तर पुढचा थेंब घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाब मोजून घ्या.

खुपणं फार असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू चालतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर सूज उतरेपर्यंत चष्मा.

घरातली बाकीची कामं

उशीचे अभ्रे आणि टॉवेल आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. अंगावरून उतरल्यावर हे कोळी कोरडेपणात फार काळ तगत नाहीत, आणि कोरडं ऊन आपल्याकडे फुकट आहे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. घरातल्या सगळ्यांनी उपचार घ्यायची गरज नाही, पण नवरा-बायको एकाच पलंगावर झोपतात आणि दोघांनाही खाज आहे, तर दोघांच्याही पापण्या एकदमच दाखवा.

काजळाचा विषय निघाला की घरात वाद होतो, म्हणून थोडक्यात. सहा आठवडे काजळ, सुरमा, लायनर, मस्करा सगळं बंद. जुनी डबी टाकून द्या, मग ती कितीही भरलेली असो. एका डबीत आई, लेक आणि सून तिघींची बोटं जाणं थांबवा. नंतर लावायचंच असेल तर कडेच्या आतल्या ओल्या रेषेवर लावू नका. तेलग्रंथींची तोंडं तिथेच जवळ आहेत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी

शिबिरातून तारीख मिळालेल्या आजी-आबांसाठी हे महत्त्वाचं. पापणीची कड सुजलेली असताना अश्रूंचा थर बिघडलेला असतो, आणि त्याने लेन्सच्या नंबरसाठी घेतलेलं माप चुकू शकतं. कडेवरचे जिवाणू ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात जाण्याचा धोका निराळाच. म्हणून डॉक्टर "आधी पापण्या साफ करा, दोन-तीन आठवड्यांनी या" म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका. गाडीभाड्याचा आणि सोबत येणाऱ्या पोराच्या खाड्याचा हिशोब असतो, कबूल आहे. पण नासलेला डोळा त्याहून फार महाग पडतो. शिबिराची तारीख लांब असेल तर वाट बघत बसण्यापेक्षा त्या दिवसापासूनच शेक आणि धुणं चालू करा.

कधी घरचं सगळं थांबवून लगेच जायचं

डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर कमी झाली किंवा काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय: त्याच दिवशी डॉक्टर. त्यातही कपाशीच्या काटकीचा, ज्वारीच्या पात्याचा मार लागला असेल तर एक रात्रही थांबू नका. वनस्पतीच्या माराने बुरशीचा संसर्ग होतो आणि त्यावर स्टिरॉइडचा थेंब पडला तर डोळा हातचा जातो. पापणी सुजून बंद झाली आणि ताप आहे, हेही तातडीचंच.

आणि एक गोष्ट, जी दुखत नाही म्हणून राहून जाते. उतारवयात एकाच पापणीवर गाठ आहे, काढली तरी त्याच जागी परत येते, तिथले केस गळालेत, किंवा एकाच डोळ्याची "ब्लेफरायटिस" महिनोन्महिने कशालाच दाद देत नाही. ती तेलग्रंथीच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते. हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतो. डेमोडेक्सची सूज सहसा दोन्ही डोळ्यांना असते. अशा गाठीचा तुकडा तपासायला पाठवा, असं स्वतः डॉक्टरांना म्हणा. जवळ सोय नसेल तर धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे.

बाकी सगळ्यांनी सहा आठवड्यांनी परत तपासून घ्यावं. पहिल्या दिवशी खिडकीजवळ काढलेला फोटो मोबाईलमध्ये ठेवा, त्याच जागी, त्याच उजेडात दुसरा काढा आणि दोन्ही सोबत घेऊन जा. तपासणाऱ्याने पापणी न बघताच नुसता ड्रॉप बदलून दिला, तर खुर्चीतून उठण्याआधी आपणच म्हणावं, "साहेब, मी खाली बघतो, जरा केसांची मुळं बघता का?"